माका खरा कसा ओळखावा

‘तुमच्या तेलात माका खरा असतो का?’ असं ग्राहक वारंवार विचारतात. विचारायलाच हवं, कारण बाजारात भृंगराज या माक्याच्या संस्कृत नावाखाली दोन वेगळ्या वनस्पती विकल्या जातात.

माका पावसाळ्यात भातखाचराच्या बांधावर, पाटाच्या कडेला आपसूक उगवतो. पानं समोरासमोर आणि खरखरीत, फूल पांढरं, सदऱ्याच्या बटणापेक्षा लहान. ताजं देठ मोडून बोटांत चुरडा. हिरवा रस बघता बघता काळपट होतो आणि बोटावर डाग राहतो. फूल पिवळं असेल तर तो पिवळा भांगरा. आम्ही पांढऱ्या फुलाचाच घेतो, तोही सांडपाण्याच्या नाल्याकडेचा नाही.

हा काळा रस पाहूनच लोकांनी माका केसांशी जोडला असावा, असं आम्हाला वाटतं. केरळात तो कय्योन्नी. तिथल्या नीलीभृंगादी तेलात नीळ, आवळा आणि नारळाच्या दुधाबरोबर पडतो. तमिळनाडूत माक्याची, म्हणजे तिथल्या करिसलांकण्णीची, भाजी करतात. शिवाय फडकं तिच्या रसात भिजवून वाळवतात आणि त्याची वात जाळून काजळ धरतात. चिनी वैद्यकात तर नावातच शाई आहे, ‘मो हान ल्यान’ यातला ‘मो’ म्हणजे शाई. अकाली पिकणाऱ्या केसांसाठी आणि रक्तस्राव थांबवण्यासाठी तिथे तो देतात. आपल्याकडे श्राद्धाला तुळशीबरोबर माका लागतोच, त्यामुळे पितृपक्षात मंडईत त्याच्या जुड्या दिसतात.

आमचं केसांचं तेल जुन्या तैलपाकाच्या, म्हणजे औषधी तेल शिजवण्याच्या, प्रमाणानं होतं: कल्क (वाटलेल्या वनस्पतीचा लगदा) १ भाग, तिळाचं तेल ४, माक्याचा रस १६. मंद आचेवर सगळं पाणी आटावं लागतं. शेवटी कल्क बोटांत वळून पाहतो. त्याची वात वळली आणि विस्तवावर धरल्यावर चरचरली नाही, की पाणी उरलेलं नाही. तेलावर फेसही येतो. तेव्हाच कढई उतरवायची. घाईत उतरवलेलं तेल लवकर खवट होतं.

टकलावर नवे केस उगवतील, असं आम्ही सांगणार नाही. कावीळीवर माक्याचा रस ताकातून देण्याची चाल बऱ्याच गावांत आहे, पण कावीळ झाली तर आधी डॉक्टरांकडे जा. आमचं तेल पोटात घेण्यासाठी नाही. पहिल्यांदा वापरताना कानामागे थेंबभर लावून एक दिवस थांबा. खाज किंवा पुरळ आलं तर वापरू नका.