डीपी (नाशिक)

डीपी म्हणजे डेव्हलपमेंट प्लॅन, कागदोपत्री नाव विकास आराखडा, पण नाशिकमध्ये सगळे डीपीच म्हणतात. शहरातली कुठली जमीन कशासाठी वापरायची हे ठरवणारा हा नकाशा. पिवळा झोन राहण्यासाठी, हिरवा शेतीचा, शिवाय शाळा, गार्डन, रस्ते यांची आरक्षणं, म्हणजे त्यांच्यासाठी राखलेल्या जागा. १९६६ च्या एमआरटीपी (महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना) कायद्याने तो बनतो. नाशिक, नाशिकरोड-देवळाली, सातपूर या नगरपालिका आणि आजूबाजूची गावं मिळून १९८२ ला महापालिका झाली, पहिला डीपी १९९३ चा, सुधारित २०१७ चा.

ड्राफ्ट आला की हरकतींसाठी ३० दिवस मिळतात, आणि खरा जीव इथेच लावायला हवा, कारण आपल्या गटावर आरक्षण पडलंय हे बऱ्याच जणांना बांधकाम परवानगी काढायला गेल्यावरच कळतं आणि तोवर आराखडा मंजूर होऊन बसलेला असतो. आरक्षित जागा महापालिकेने १० वर्षांत ताब्यात घेतली नाही तर मालक कलम १२७ खाली नोटीस देऊ शकतो, त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण जातं. म्हणजे जागा मालकाला परत मोकळी झाली ते बरोबरच, पण कॉलनीचं गार्डन कायमचं गेलं ना! रोख पैशांऐवजी टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क, देऊनही जागा घेतात.

मखमलाबाद-हनुमानवाडीला स्मार्ट सिटीतून टीपी (टाउन प्लॅनिंग) स्कीम आणायची होती. त्यात सगळ्यांच्या जमिनी एकत्र करून रस्ते वगैरे काढायचे आणि उरलेला प्लॉट मालकाला परत द्यायचा. बऱ्याच शेतकऱ्यांनी विरोध केला, आणि ज्याची पाण्याखालची बागायत जाणार त्याला नुसत्या नकाशावर भरवसा कसा बसेल? तपोवनातल्या साधुग्रामचा, म्हणजे कुंभमेळ्यात साधूंच्या मुक्कामाच्या जागेचा प्रश्न वेगळा, तिथे सिंहस्थ दर १२ वर्षांनी येतो पण जागा मधल्या काळातही राखून ठेवावी लागते.

गोदावरीच्या निळ्या पूररेषेच्या आत नवीन बांधकाम चालत नाही, तिच्या बाहेर, आणखी मोठ्या पुराच्या लाल रेषेपर्यंत अटी असतात. गोदाघाटावर पाणी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कुठपर्यंत आलं त्यावरून नाशिककर पूर मोजतात, तेच पाणी नकाशावर रेषा होऊन येतं.

हिरव्या झोनमध्ये गुंठा-गुंठा पाडून विकलेले प्लॉट स्वस्त दिसतात, १ गुंठा म्हणजे १०८९ स्क्वेअर फूट, पण सातबारावर नाव लागलं म्हणून घर बांधता येतं असं नाही. व्यवहाराआधी गट नंबर देऊन झोन दाखला काढा, हद्दीत महापालिकेकडे, बाहेर असेल तर एनएमआरडीएकडे (नाशिक महानगर प्रदेश विकास प्राधिकरण).