क्षेपविभंग

आडव्या दाबाने खडकांचे थर तुटून वरचा भाग खालच्या भागावर चढत पुढे सरकतो, तेव्हा अशा मंद उताराच्या तुटीला क्षेपविभंग (थ्रस्ट फॉल्ट) म्हणतात. तिच्या पृष्ठाचा आडव्या पातळीशी होणारा कोन साधारणतः ४५° हून कमी असतो. काही अभ्यासक ३०° ही मर्यादा मानतात. जुना खडक नव्यावर येऊन बसणे ही मुख्य खूण. मात्र थरांना आधीच घड्या पडलेल्या असतील, तर एवढ्यावर विसंबता येत नाही.

शेल, मीठ, जिप्सम अशा दुबळ्या थरांत ही तूट थरांना समांतर जाते आणि टणक चुनखडक किंवा वालुकाश्म लागला की तिरपी वर चढते. त्या चढावावरून सरकताना वरच्या थरांना बाक येऊन अपनती (कमानीसारखी वर उचललेली घडी) तयार होते.

स्वित्झर्लंडमधील ग्लारुस येथे पर्मियन काळातील व्हेरुकानो नावाचा खडक कितीतरी नंतरच्या इओसीन काळातील फ्लिशवर (समुद्रतळाशी साचलेल्या वाळू-चिखलाच्या थरांवर) पसरलेला आहे. स्विस भूवैज्ञानिक आर्नोल्ड एशर यांनी याचा अर्थ समोरासमोरच्या दोन घड्यांनी लावला आणि आल्बर्ट हाइम यांनी तो उचलून धरला. १८८४ मध्ये फ्रेंच भूवैज्ञानिक मार्सेल बेर्त्राँ यांनी तो भाग स्वतः न पाहता, हाइम यांच्याच नोंदींवरून एकच सलग क्षेपविभंग सुचवला. विसाव्या शतकाच्या आरंभी हाइम यांनीही तो मान्य केला, आणि आज तोच ग्राह्य धरला जातो. सरकण्याचे अंतर किमान ३५ किमी. असावे.

मात्र इतकी मोठी, त्या मानाने पातळ खडकांची चादर घर्षणाने चुरा न होता सरकली कशी, हा प्रश्न उरतोच. अमेरिकी भूवैज्ञानिक हबर्ट व रुबी यांनी १९५९ मध्ये खडकाच्या छिद्रांतील पाण्याच्या दाबाकडे लक्ष वेधले. त्या दाबाने वरच्या भाराचा काही अंश पेलला जातो. ग्लारुसमध्ये तुटीलगत जेमतेम मीटरभर जाडीचा, अतिशय पिळवटलेला लोख्साइट चुनखडक आढळतो. त्यावरून खडक तापून मऊपणे वाहिला, ही उपपत्ती तेथे अधिक पटते. तरी पाण्याचा वाटा नाकारता येत नाही.

हिमालयातील मुख्य मध्य, मुख्य सीमा व मुख्य अग्र हे क्षेपविभंग स्थूलमानाने उत्तरेकडून दक्षिणेकडे नवे होत जातात. खोलवर ते एकाच मंद उताराच्या पृष्ठाला मिळतात, असे बहुतेक अभ्यासक मानतात. २५ एप्रिल २०१५ चा नेपाळमधील ७.८ तीव्रतेचा भूकंप त्याच पृष्ठावर झाला. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपातही हालचाल याच जातीची, म्हणजे वरचा भाग चढण्याची होती.