वारेचा पापुद्रा आणि हटून बसलेली जखम

प्रसूतीनंतर पडणारी वार बहुतेकदा टाकूनच दिली जाते. तिच्या आतल्या बाजूला, गर्भजलाला लागून, एक पारदर्शक पापुद्रा असतो: अ‍ॅम्निऑन. जाडी अर्ध्या मिलिमीटरहून कमी; त्यात ना रक्तवाहिन्या, ना नसा. १९१० साली अमेरिकी शल्यचिकित्सक जे. एस. डेव्हिस यांनी तो त्वचारोपणासाठी वापरून पाहिला होता.

हा पापुद्रा त्वचेची जागा घेत नाही, हे आधी नीट समजून घ्यायला हवं. तो रुजत नाही, काही दिवसांत विरघळून जातो. मग उपयोग काय? महिनोन्‌महिने न भरणाऱ्या जखमेत प्रथिनं तोडणारी विकरं फार वाढलेली असतात. नवी पेशीवाढ सुरू झाली, की ती तिचा पायाच कुरतडतात. पापुद्र्यात या विकरांना आवर घालणारी प्रथिनं आणि पेशींना वाढीचा इशारा देणारे घटक असतात. अडलेली जखम त्यामुळे पुन्हा भरू लागते.

वार शक्यतो ठरवून केलेल्या सिझेरियनमधून घेतात, कारण योनीमार्गातून येताना तिला जंतू लागतात. आईची संमती हवीच. शिवाय एचआयव्ही, कावीळ ब आणि क, सिफिलिस या तपासण्या. धुऊन वेगळा केलेला पापुद्रा गोठवतात किंवा वाळवतात.

लावणं पाच मिनिटांचं काम, खरी मेहनत त्याआधीची. मेलेलं मांस आणि चिकट थर खरवडून तळाशी ताजं रक्त दिसेपर्यंत जायचं, सलाइनने धुवायचं, रक्तस्राव थांबवायचा. तुकडा कडांपेक्षा किंचित मोठा कापायचा. सुक्या तुकड्यावर बऱ्याचदा बाजू ओळखायची खूण असते, ती सुलटी दिसली पाहिजे. सलाइनचे थेंब टाकून तो तळाशी चिकटवायचा, खाली हवेचा फुगा राहू द्यायचा नाही. स्राव जास्त असेल तर बारीक चिरा द्यायच्या, नाहीतर तुकडा तरंगतो आणि वाया जातो. वर न चिकटणारी जाळी आणि ओल धरणारं ड्रेसिंग. साधारण आठवड्याने पुन्हा पाहायचं. जाळी काढताना दिसणारा पिवळसर बुळबुळीत थर पू समजून खरवडू नये, तो बहुधा विरघळता पापुद्राच असतो. दुर्गंधी, वाढती लाली किंवा ताप असेल तर मात्र संसर्गच धरून चालायचं.

मधुमेही पायाच्या जखमेत चार आठवड्यांच्या नेहमीच्या उपचारांनी क्षेत्रफळ निम्म्यानेही घटलं नाही, तर या पर्यायाचा विचार होतो. पण पायाचा रक्तपुरवठा आधी तपासलेला हवा. रक्तच पोहोचत नसेल किंवा रुग्ण त्याच तळव्यावर भार देऊन चालत असेल, तर कितीही तुकडे लावा, जखम तिथेच राहते.