कातडीचा पातळ पहारा

ईसीजी काढताना छातीवर थंडगार जेल का लावतात? हृदयातून निघणारा विजेचा संकेत छातीपर्यंत येतो तेव्हा जेमतेम एक-दोन मिलिव्होल्टचा उरतो. कोरड्या कातडीतून तो नीट बाहेर पडत नाही. कातडी ओली केली, की वाट मोकळी होते. पण तीच वाट बाहेरच्या विजेलाही आत येऊ देते.

आपलं शरीर आतून विजेचं बऱ्यापैकी वाहक आहे. रक्त, स्नायू, क्षार विरघळलेले द्रव, सगळे मिळून अडवणार ते जेमतेम काही शे ओहम (ओहम म्हणजे विद्युतरोध मोजायचं एकक). खरा पहारा देतो तो कातडीचा सर्वांत वरचा, मृत पेशींचा थर. बहुतेक ठिकाणी त्याची जाडी एका मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढीच! तो कोरडा असेल आणि स्पर्श बोटाच्या टोकाचा असेल, तर विद्युतरोध एक लाख ओहमच्या घरात जाऊ शकतो. तोच भिजला, की हजारापर्यंत उतरतो.

आता घरातल्या 230 व्होल्टचा हिशोब करू: व्होल्टला ओहमने भागलं, की प्रवाह मिळतो. एक लाख ओहमला 2.3 मिलिअँपिअर, म्हणजे झिणझिण्या. हजार ओहमला 230 मिलिअँपिअर. साधारण 10 ते 15 मिलिअँपिअरलाच स्नायू आखडतात आणि मूठ उघडता येत नाही, कारण बोटं मिटवणारे स्नायू उघडणाऱ्यांपेक्षा बळकट असतात. 50 ते 100 मिलिअँपिअर छातीतून सेकंदभर गेला, तर हृदयाची लय बिघडून जीव जाऊ शकतो.

शुद्ध पाणी तसं विजेचं फार कच्चं वाहक. घामाचं मात्र तसं नाही, त्यात मीठ असतं आणि घर्मग्रंथींच्या नळ्या त्या मृत थराला भेदूनच वर येतात. म्हणून तारेला चिकटलेल्या, घामेजलेल्या हातातून प्रवाह वाढतच जातो. त्यात पायाखालची फरशी ओली असेल, तर विजेला जमिनीत उतरायलाही अडथळा उरत नाही.

कोरडा हात म्हणजे सुरक्षित हात, असं मात्र कृपा करून समजू नका. वरचा लाखाचा आकडा ओझरत्या स्पर्शाचा आहे. पूर्ण तळव्याने तार घट्ट धरली, तर 230 व्होल्टला कोरड्या कातडीचा पहाराही ढासळतो आणि रोध एक-दोन हजार ओहमपर्यंत घसरतो. एखादा ओरखडा किंवा जखम असेल, तर तेवढ्या जागी पहारा नसतोच.

म्हणूनच घरातलं आरसीसीबी हे सुरक्षा-उपकरण साधारण 30 मिलिअँपिअर विजेची गळती दिसताच सेकंदाच्या अंशात वीज तोडतं. त्यावरचं 'टेस्ट'चं बटण अधूनमधून दाबून पाहा. खटका पडला नाही, तर ते लगेच बदलून घ्या.