सुरकुत्यांवरचे इंजेक्शन : डोळ्यांच्या दवाखान्यातून आलेले औषध

कोल्हापुरात राजारामपुरी किंवा ताराबाई पार्क भागातून जाताना त्वचारोगतज्ज्ञांच्या फलकांवर ‘बोटॉक्स’ आणि ‘फिलर’ हे शब्द आता सहज दिसतात, आणि लग्नसराई जवळ आली की नवरानवरीच्या आयाही त्यांची चौकशी करतात. पुष्कळांना ही दोन्ही इंजेक्शने म्हणजे फेशियलच्या पुढची पायरी वाटते. बोटॉक्स मात्र सौंदर्यप्रसाधनांतून आलेले नाही. ते अन्नातून होणाऱ्या विषबाधेच्या अभ्यासातून आणि तिरळेपणावरच्या उपचारांतून पुढे आले. हा इतिहास ठाऊक असला, की ते कोणाच्या हातून घ्यावे हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीतील व्युर्टेम्बर्ग राज्यात नीट न शिजवलेल्या, नीट न धुरावलेल्या मांसाच्या सॉसेजमुळे माणसे दगावत होती. युस्टिनस केर्नर या तरुण वैद्याने, जो कवी म्हणूनही नावाजलेला होता, अशा रुग्णांच्या तपशीलवार नोंदी 1820 आणि 1822 साली प्रसिद्ध केल्या. तोंडाला कोरड पडणे, पापण्या खाली लोंबणे, गिळता न येणे आणि शेवटपर्यंत शुद्ध असूनही श्वास थांबणे, ही सारी लक्षणे त्याने टिपली. विष चेतातंतूंकडून स्नायूंकडे जाणारा संदेश अडवते हे त्याने ओळखले, त्याची चव स्वतः घेऊन पाहिली, आणि अत्यल्प मात्रेत तेच विष अनावर हालचालींच्या विकारांवर औषध ठरू शकेल असेही लिहून ठेवले. प्रयोगशाळेची कोणतीही आधुनिक साधने हाताशी नसताना त्याने बांधलेला हा अंदाज खरा ठरायला दीडशेहून अधिक वर्षे जावी लागली.

या विषाचे मूळ सापडले ते 1895 मध्ये. बेल्जियममधील एल्झेल गावी एका अंत्यविधीला वाजवायला आलेल्या वादकांना डुकराच्या खारवलेल्या मांसातून विषबाधा झाली आणि त्यांतील तिघे मरण पावले. एमिल व्हान एर्मेंगेम यांनी त्या मांसातून हवेविना वाढणारा जिवाणू वेगळा केला. पुढे 1946 मध्ये अमेरिकेच्या लष्करी प्रयोगशाळेत एडवर्ड शान्ट्झ यांनी या विषाचा ‘ए’ प्रकार स्फटिकरूपात शुद्ध केला. त्या वेळी या कामामागे युद्धाचा विचार होता; उपचाराचा नव्हे.

उपचाराकडे ते वळवले सॅन फ्रान्सिस्कोचे नेत्रशल्यचिकित्सक अॅलन स्कॉट यांनी. तिरळ्या डोळ्यात एक स्नायू जास्त ओढतो. शस्त्रक्रियेऐवजी तो सुईने सैल करता येईल का, हे ते शोधत होते. शान्ट्झ यांच्याकडून मिळालेले विष त्यांनी आधी माकडांवर आणि 1970च्या दशकाच्या अखेरीस रुग्णांवर वापरले. डिसेंबर 1989 मध्ये अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी तिरळेपणा आणि पापण्या अनावर मिटण्याचा विकार यांसाठी त्याला मान्यता दिली. पुढे ते अॅलर्गन कंपनीकडे गेले आणि ‘बोटॉक्स’ या नावाने विकले जाऊ लागले.

सुरकुत्यांचा संबंध मधल्याच काळात आला. कॅनडातील व्हँकुव्हरच्या नेत्रतज्ज्ञ जीन कॅरुदर्स यांच्या एका रुग्णबाईंनी 1987 मध्ये भुवयांमध्येही इंजेक्शन देण्याचा आग्रह धरला, कारण तिथे दिले की त्यांचा चेहरा निवांत दिसत असे. जीन यांचे पती अॅलिस्टर हे त्वचारोगतज्ज्ञ. दोघांनी मिळून भुवयांमधल्या उभ्या आठ्यांवर याचा अभ्यास केला आणि 1992 मध्ये तो प्रसिद्ध केला. एप्रिल 2002 मध्ये अमेरिकेत या आठ्यांसाठी अधिकृत मान्यता मिळाली.

बोटॉक्सची शंभर युनिटची कुपी हातात घेतली तर तळाशी पांढुरका पातळ थर तेवढा दिसतो, आणि तोही मुख्यतः अल्ब्युमिन हे प्रथिन व मीठ यांचाच असतो. खरे औषध सुमारे पाच नॅनोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमचा वीस कोटीवा भाग. ही कुपी 2 ते 8 अंश सेल्सिअस तापमानात ठेवावी लागते आणि वापरण्यापूर्वी त्यात निर्जंतुक सलाइन मिसळावे लागते. एका कंपनीचे युनिट दुसरीच्या युनिटाइतके नसते. भुवयांमधल्या आठ्यांसाठी पाच ठिकाणी मिळून वीस युनिट ही मान्य मात्रा आहे. चेतातंतूच्या टोकातून अॅसिटिलकोलीन हे स्नायूला संदेश देणारे रसायन बाहेर पडण्यासाठी लागणारे प्रथिन हे औषध तोडते, स्नायू सैल पडतो आणि तीन-चार महिन्यांत संदेश पूर्ववत सुरू होतो. मात्रा वाढली किंवा जागा चुकली, तर पापणी उतरते किंवा चेहऱ्यावरचे भावच पुसले जातात. 1929 साली ज्या कोल्हापुरात ‘प्रभात’ फिल्म कंपनीची स्थापना झाली, तिथे भुवईच्या एका हालचालीची किंमत कोणाला सांगायला नको.

परवानगी नसलेले, संशोधनासाठीचे कच्चे विष वापरल्यामुळे 2004 मध्ये फ्लोरिडात चार जणांना लकव्यासारखा गंभीर आजार झाला. त्यांत इंजेक्शन देणारा डॉक्टर स्वतःही होता, आणि त्याचा परवाना आधीच स्थगित झालेला होता. ब्यूटी पार्लरमधले ‘हेअर बोटॉक्स’ ही मात्र वेगळीच गोष्ट: त्यात हे विष मुळीच नसते, ती केसांना लावायची क्रीम असते.

फिलरचा इतिहास स्वतंत्र आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी व्हिएन्नाच्या रॉबर्ट गेर्सुनी यांनी त्वचेखाली पॅराफिन भरण्याची पद्धत आणली, आणि पुढे अनेकांच्या चेहऱ्यांवर तिच्या कठीण गाठी झाल्या. 1981 मध्ये अमेरिकेत गाईच्या कातडीपासून काढलेल्या कोलॅजनला मान्यता मिळाली, पण त्याआधी अॅलर्जीची चाचणी करावी लागे. आज प्रामुख्याने वापरले जाते ते हायल्युरॉनिक आम्ल, जे 1934 मध्ये कार्ल मेयर आणि जॉन पामर यांनी गाईच्या डोळ्यातून वेगळे केले होते. बोटॉक्स स्नायू सैल करते, फिलर खोलगट जागा भरते. फिलर चुकून रक्तवाहिनीत गेले तर त्वचा मरू शकते, क्वचित दृष्टीही जाते. म्हणून ते विरघळवणारे हायल्युरोनिडेज जवळ असल्याशिवाय हे इंजेक्शन देऊ नये. बोटॉक्सला असा उतारा नाही. पापणी उतरली, तर डोळ्यात घालायच्या थेंबांनी थोडी मदत होते. बाकी काही आठवडे वाटच पाहावी लागते.