ठाणे खाडीतील खारफुटी : वर्गीकरण, प्रजनन आणि जातिवैविध्य

ठाणे खाडीच्या दोन्ही काठांवर भरतीच्या खाऱ्या पाण्यात वाढणारा वृक्ष-झुडपांचा समूह. पश्चिमेला कोपरी, मुलुंड, भांडुप आणि पूर्वेला कळवा, ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे, वाशी असा त्याचा पट्टा आहे. सरकारी कागदांत त्याला ‘कांदळवन’ म्हणतात. काठावरच्या कोळी-आगरी वस्त्यांत ‘तिवरं’ हा शब्द चालतो, कारण समोर दिसणारी बहुतेक झाडे तिवराचीच असतात. खाडीची लांबी सुमारे 26 किलोमीटर असून तिचे दक्षिणेकडचे तोंड मुंबई बंदराच्या पाण्यात रुंद उघडते. उत्तरेला एका अरुंद प्रवाहाने ती उल्हास नदीला जोडलेली आहे. 2015 मध्ये खाडीचा काही भाग फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि 2022 मध्ये 6,521 हेक्टरांच्या ठाणे खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला.

खारफुटी हे वनस्पतींचे एक कुल नव्हे, हे आधी लक्षात घ्यावे लागते. एकमेकांशी जवळचे नाते नसलेल्या अनेक कुलांतल्या वनस्पतींनी खारे पाणी, प्राणवायू नसलेला चिखल आणि दिवसातून दोनदा येणारी भरती यांच्याशी स्वतंत्रपणे जुळवून घेतले. त्यामुळे श्वसनमुळे, जाड पाने, पाण्यावर तरंगणारी फळे ही लक्षणे त्यांच्यात सारखी दिसतात. वर्गीकरणात मात्र अशा सारखेपणाला फारसे वजन नसते. झाड कुठल्या घरातले, हे फूल, फळ आणि अलीकडे डीएनए पाहून ठरते. उपग्रहाच्या चित्रात हिरवा ठिपका म्हणून दिसणारे हे वन जमिनीवर उतरून फुलाफळांसह तपासल्याशिवाय समजत नाही.

वर्गीकरण

खाडीत सर्वाधिक आढळणाऱ्या तिवराचे (ॲव्हिसेनिया मरिना) वर्गीकरण किती वेळा बदलले, यावरून या शास्त्राची चाल कळते. बेंथम आणि हूकर या ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञांच्या पद्धतीत तिवर व्हर्बेनेसी कुलात होते. महाविद्यालयांत आजही शिकवली जाणारी ही पद्धत 1862 ते 1883 या काळात प्रसिद्ध झाली. पुढे अनेकांनी तिवरासाठी ॲव्हिसेनिएसी हे स्वतंत्र कुल मानले. डीएनएच्या तुलनेनंतर आता त्याला ॲकॅन्थेसी, म्हणजे अडुळसा, कोरांटी आणि अबोलीच्या कुलात ठेवतात. खोडावरच्या फुगीर पेरांसारखी बाह्य लक्षणेही या नात्याला दुजोरा देतात.

ठाण्याच्या वाचकाला या बदलातून एक विलक्षण गोष्ट हाती लागते. येऊरच्या डोंगरावर सुमारे आठ वर्षांनी एकदाच फुलून मरणारी कारवीही ॲकॅन्थेसी कुलातलीच आहे. खाडीच्या चिखलात दरवर्षी फळणारे तिवर आणि डोंगरउतारावरची कारवी ही एकाच शहराच्या दोन टोकांना राहणारी भावंडे आहेत. काटेरी पानांची, निळसर-जांभळ्या फुलांची मारांडी (ॲकॅन्थस इलिसिफोलियस) तर तिवराच्या पायाशीच उगवते. तीही याच कुलातली, किंबहुना कुलाचे नाव तिच्याच प्रजातीवरून पडले आहे.

पावसाळा सरता सरता काही वर्षी तिवराची पाने जाळीदार होऊन अख्खा पट्टा तपकिरी पडतो आणि वन मेले की काय, अशी भीती लोक व्यक्त करतात. हे काम हायब्लिया प्युएरा या पतंगाच्या अळीचे असते. सागाची पाने खाणारी म्हणून वनखात्याला पूर्वापार ठाऊक असलेली अळी हीच. सागही पूर्वी व्हर्बेनेसीत होता, आता तो तुळशीच्या कुलात आहे. दोन्ही झाडांची कुले बदलली, तरी गण, म्हणजे कुलांच्या वरचा गट, एकच राहिला : लॅमिएलीस. झाडांना काही आठवड्यांत पुन्हा पालवी फुटते.

चिप्पीची (सोनेरेशिया) कथाही अशीच आहे. मध्यंतरी स्वतंत्र मानलेले तिचे कुल आता लिथ्रेसीत, म्हणजे मेंदी आणि डाळिंबाच्या कुलात मिळवले गेले आहे. काजळा (एजिसेरास कॉर्निक्युलेटम) मिर्सिनेसीतून प्रिम्युलेसीत गेला. हुरा (एक्सोकॅरिया अगॅलोचा) मात्र एरंडाच्या कुलात होता तिथेच आहे. त्याचा पांढरा चीक डोळ्यांत गेला तर काही काळ दिसेनासे होते, म्हणून लाकडे तोडणारे त्याच्यापासून लांब राहतात.

प्रजनन

बी चिखलात पडून रुजायची वाट पाहत बसले, तर पुढची भरती ते घेऊन जाते. शिवाय कोवळ्या अंकुराला इतके मीठ सोसत नाही. यावरचा खारफुटीचा तोडगा म्हणजे जरायुज अंकुरण, म्हणजेच बी आईच्या अंगावर असतानाच रुजणे. कांदळात (रायझोफोरा म्युक्रोनाटा) ते उघड दिसते. फळातून बाहेर आलेला हिरवा दांडा फांदीवरच वाढत राहतो आणि अर्ध्या मीटरहून लांब झाला की गळतो. ओहोटी असेल तर तो जागीच चिखलात रुततो, भरती असेल तर तरंगत दूर जातो.

तिवराचा प्रकार अधिक गुप्त आहे, आणि माझ्या मते अधिक नजाकतीचा. त्याला उन्हाळ्याच्या उत्तरार्धात बारीक, नारिंगी-पिवळ्या फुलांचे झुबके येतात. फुलातले परागकोश आधी पिकतात, कुक्षी नंतर तयार होते. त्यामुळे त्याच फुलाचे पराग त्याच फुलावर पडणे टळते. परागण मुख्यतः मधमाश्या करतात. बीजांडे चार असतात, बी साधारणपणे एकच धरते. पावसाळ्यात हातात घेतलेले फळ बदामाएवढे, चपटे, राखाडी-हिरवे आणि मऊ लव असलेले असते. साल नखाने सोलली की आत बी नाही, रोपच सापडते : एकात एक घडी घातलेली दोन जाड बीजपत्रे आणि खाली केसाळ आदिमूळ. अंकुराने बीजावरण फाडलेले असते, पण फळाची साल शाबूत ठेवलेली असते. फळ पाण्यात पडले की साल लवकरच सुटते, घडी उलगडते आणि मुळाच्या टोकावरचे केस चिखलाला पकड देतात. फळे गळण्याचा हा काळ पावसाच्या गोड्या पाण्याने खाडीचा खारटपणा उतरलेला असतानाच येतो.

चिप्पीने हा मार्ग घेतलेला नाही. तिच्या हिरव्या, गोलसर फळात पुष्कळ बिया असतात आणि त्या चिखलात पडूनच रुजतात. पांढऱ्या चिप्पीचे (सोनेरेशिया अल्बा) फूल संध्याकाळी उमलते. पांढऱ्या पुंकेसरांचा झुबका, भरपूर मध, आणि सकाळी झाडाखाली केसरांचा सडा. मध पिणारी वटवाघळे आणि मोठे निशाचर पतंग यांच्यासाठी ही सोय आहे. तिच्या बहिणीच्या (सोनेरेशिया एपेटाला) फुलाला पाकळ्याच नसतात आणि कुक्षी छत्रीसारखी पसरट असते, त्यामुळे फुलावर असताना ती चटकन ओळखता येते. 2020 मध्ये महाराष्ट्राने पांढऱ्या चिप्पीला राज्य कांदळवृक्ष घोषित केले.

मारांडीचे वाळलेले फळ तडकून बिया दूर उडवते. डोंगरावरची कारवीही तेच करते. तिवराने मात्र कुलाची ही पद्धत सोडलेली दिसते.

खाडीतील वैविध्य

राज्याच्या किनाऱ्यावर खऱ्या खारफुटीच्या सुमारे वीस जाती मोजतात. त्यांतल्या बऱ्याच दक्षिण कोकणातल्या स्वच्छ खाड्यांत सापडतात. ठाणे खाडीत सांडपाणी, गाळ आणि भराव यांमुळे तग धरणाऱ्यांचीच चलती आहे, आणि तिवर त्यांत पहिले. पानांवरील ग्रंथींतून ते मीठ बाहेर टाकते. कोरड्या दिवसांत पान जिभेला लावले तरी कळते. चिखलातून पेन्सिलीसारखी वर आलेली त्याची श्वसनमुळे ओहोटीच्या वेळी हवा घेतात आणि त्यांच्यामधून निवटे (चिखलात राहणारे छोटे मासे) उड्या मारत असतात. चिप्पीची श्वसनमुळे याहून जाड आणि शंकूसारखी असतात. कांदळ कमानदार आधारमुळांवर उभा राहतो. या खाडीत त्याची नैसर्गिक झाडे थोडीच आहेत.

जाती ओळखण्यात गफलती होतात, मुख्यतः तिवरांच्या बाबतीत. ॲव्हिसेनिया ऑफिसिनॅलिसचे पान टोकाला गोलसर आणि फूल ठळकपणे मोठे असते, तर मरिनाचे पान निमुळते आणि खालून करडे. पण मरिनाची पाने खारटपणानुसार आकार बदलतात. अरुंद, फार टोकदार पानांच्या झाडांना ‘ॲक्युटिसिमा’ हे वाण म्हणून वेगळे नावही दिलेले आहे. नुसत्या पानांवरून केलेल्या याद्यांवर म्हणूनच विसंबू नये. फूल आणि फळ दोन्ही मिळवायची तर त्याच झाडाकडे उन्हाळ्यात एकदा आणि पावसाळ्यात पुन्हा जावे लागते.

या अभ्यासाची परंपरा जुनी आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ एथेलबर्ट ब्लॅटर यांनी 1905 मध्ये मुंबई इलाख्यातील खारफुटी आणि तिचे जीवशास्त्र यांवर लेख लिहिला. त्यांच्या नावाचा वनस्पतिसंग्रह मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात आहे. थिओडोर कुक यांनी 1901 ते 1908 या काळात इलाख्याच्या वनस्पतींची सूची तयार केली. राज्य शासनाचा कांदळवन कक्ष 2012 पासून काम करतो आणि ऐरोलीला त्याचे किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे.

2005 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खारफुटीच्या तोडीवर आणि तिच्याभोवतीच्या 50 मीटर पट्ट्यातील बांधकामावर बंदी घातली. संरक्षणाचे यश तेव्हापासून बहुधा हेक्टरांत सांगितले जाते. माझ्या मते हा हिशेब अपुरा आहे. गाळ साचून नव्या जागी तिवर पसरले तर क्षेत्र वाढते, पण त्याच वर्षी काजळ्याचा एखादा छोटा पट्टा भरावाखाली गेला तर तो या आकड्यात दिसत नाही. लागवडीतही तेच घडते. रोपवाटिकेत सहज येणाऱ्या दोन-तीन जातींची रोपे सगळीकडे लावली की खाडीचा वरचा, कमी खारा भाग आणि तोंडाजवळचा खारा भाग यांतला फरक पुसला जातो. रोपांसाठी फळे त्याच खाडीतल्या झाडांची घेणे आणि जात त्या जागेच्या खारटपणानुसार निवडणे आवश्यक असते. फ्लेमिंगो जिथे चरतात तो उघडा चिखल लागवडीसाठी नसतो. तिथे मुळात झाडे नसणे हीच त्या जागेची नैसर्गिक स्थिती आहे.