महागलेले ड्रम आणि मंदीची भीती: शंभर वर्षांची पार्श्वभूमी

ड्रमसेट, सिंबल (ड्रमसोबत वाजवायच्या झांजेसारख्या थाळ्या) आणि स्टँड २०२० नंतर अमेरिकेत सतत महाग होत गेले. गिऱ्हाईक मात्र त्या प्रमाणात उरलेलं नाही. सॅम ॲश ही १९२४ साली ब्रुकलिनमध्ये सुरू झालेली वाद्यविक्रीची साखळी २०२४ मध्ये, बरोबर शंभराव्या वर्षी, सगळी दुकानं बंद करून दिवाळखोरीत गेली. त्याआधी गिटार सेंटर या दुसऱ्या मोठ्या साखळीने नोव्हेंबर २०२० मध्ये दिवाळखोरीतून संरक्षण मागितलं होतं. जुन्या वाद्यांच्या ऑनलाइन खरेदी-विक्रीचं रिव्हर्ब हे व्यासपीठ एत्सी या ऑनलाइन बाजाराने २०१९ मध्ये २७.५ कोटी डॉलरला घेतलं आणि २०२५ मध्ये विकून टाकलं. त्यामुळे ड्रमच्या धंद्यात मोठी मंदी येते आहे का, हा प्रश्न आता उघडपणे विचारला जातो.

या धंद्याने मंदी पूर्वीही पाहिली आहे. ड्रम महाग झाल्याने बाजार बसल्याचं मला त्या इतिहासात कुठे दिसत नाही. वाजवायची जागा गेली, की मग बाजार बसला. आजच्या किमतींकडेही याच नजरेने पाहावं, असं मला वाटतं.

सुरुवात शिकागोपासून करावी लागते. १९०९ मध्ये विल्यम लुडविग आणि त्याचा भाऊ थिओबाल्ड यांनी बेस ड्रमचं जलद चालणारं पेडल बाजारात आणलं. पायाने बेस ड्रम (सर्वांत मोठा, घुमणारा ड्रम) आणि हाताने स्नेअर (खणखणीत आवाजाचा छोटा ड्रम) वाजवता येऊ लागल्यावर दोन-तीन वादकांचं काम एका माणसावर आलं. त्या माणसाला सर्वांत मोठं गिऱ्हाईक होतं मूकपटांचं थिएटर. पडद्यावर घोडा धावला की टापांचा आवाज, दार आपटलं की धडाका, पाऊस, शिट्टी, पक्ष्यांची किलबिल हे सगळं ड्रमरच काढायचा. त्यासाठी लागणारी शेकडो लहान-मोठी उपकरणं लुडविग आणि इंडियानापोलिसची लीडी या कंपन्यांच्या कॅटलॉगमध्ये पानंच्या पानं भरून असत. १९२०च्या दशकात या कंपन्यांची भरभराट जॅझवर जेवढी उभी होती, तेवढीच या थिएटरांवरही होती.

१९२७ मध्ये बोलपट आला आणि दोन-तीन वर्षांत थिएटरांमधले हजारो वादक घरी बसले. त्यांच्या संघटनेने १९३० मध्ये वर्तमानपत्रांतून मोठ्या जाहिराती दिल्या आणि डबाबंद संगीतापेक्षा समोर वाजणारं संगीत मागा, असं प्रेक्षकांना विनवलं. काही उपयोग झाला नाही. त्यातच १९२९ चा शेअर बाजार कोसळला. त्याच वर्षी लुडविग आणि लीडी या दोन्ही कंपन्या एल्कहार्टच्या कॉन या वाद्यनिर्मात्या कंपनीकडे गेल्या. पेडल काढणारा विल्यम लुडविग आपल्याच नावाच्या कंपनीत नोकर झाला. तिथून बाहेर पडून १९३७ मध्ये त्याने डब्ल्यूएफएल नावाने नवी कंपनी काढली. लुडविग हे स्वतःचं नाव परत विकत मिळायला १९५५ साल उजाडावं लागलं.

धंद्याला पुन्हा उभं केलं ते नाचघरांनी. स्विंगच्या काळात मोठ्या वाद्यवृंदांना रोज रात्री नाचणारी गर्दी मिळत होती. जीन क्रुपाने ड्रमरला मागच्या रांगेतून थेट प्रकाशझोतात आणलं. तो स्लिंगरलँड कंपनीचे ड्रम वाजवायचा, म्हणून देशभरातल्या मुलांना स्लिंगरलँडच हवा होता. दुसऱ्या महायुद्धात धातूंवर निर्बंध आले आणि ड्रमच्या एकूण वजनात १० टक्क्यांहून जास्त धातू वापरायला बंदी झाली. कंपन्यांनी लग (कातडं ताणणाऱ्या स्क्रूंचे आधार) लाकडाचे केले, हूपही (कातडं धरून ठेवणारी कडी) लाकडाचेच लावले. माल जड, नाजूक आणि टंचाईचा झाला, तरी युद्ध संपताच मागणी परतली, कारण वाजवण्याच्या जागा शिल्लक होत्या. आज तांब्या-पोलादाच्या भावांवरून घाबरणाऱ्यांनी हे उदाहरण जरूर पाहावं.

नंतरचा मोठा बदल तसा लहानशा वस्तूने घडवला. १९५७ च्या सुमाराला रेमो बेली आणि चिक इव्हान्स यांनी वासराच्या कातड्याऐवजी पॉलिस्टर फिल्मची हेड (ड्रमचा वाजवायचा पडदा) बाजारात आणली. दमट हवेत कातडं सैल पडायचं, कोरड्या हवेत ताणून फाटायचं. ती कटकट गेली आणि ड्रम घराघरांत ठेवण्याजोगा झाला.

मग ९ फेब्रुवारी १९६४ ची रात्र आली. एड सुलिव्हनच्या कार्यक्रमात बीटल्स वाजवत होते आणि सुमारे ७.३ कोटी अमेरिकन टीव्हीसमोर होते. त्यांचा ड्रमर रिंगो स्टार याच्या बेस ड्रमवर लुडविग हे नाव ठळक दिसत होतं. लंडनच्या आयव्हर आर्बिटरच्या दुकानातून १९६३ मध्ये घेतलेल्या पहिल्या ऑयस्टर ब्लॅक पर्ल सेटपासून रिंगो हे नाव मिरवत आला होता. शिकागोच्या कारखान्यात रात्रपाळ्या सुरू झाल्या आणि तरीही माल पुरेना. पुढच्या दोन वर्षांत कंपनीची विक्री दुपटीवर गेली. गॅरेजमध्ये, शाळेच्या हॉलमध्ये, चर्चच्या तळघरात पोरांचे बँड उभे राहिले. आज जुन्या ड्रमच्या बाजारात सर्वांत जास्त बोली लागते ती याच वर्षांतल्या मालावर. रिंगोचा तो पहिला लुडविग सेट २०१५ च्या लिलावात २१ लाख डॉलरच्या वर गेला.

पुढच्या घसरणीला दोन कारणं एकत्र मिळाली. १९७०च्या दशकात पर्ल, टामा आणि यामाहा या जपानी कंपन्यांनी जास्त भक्कम हार्डवेअर कमी किमतीत दिलं. अमेरिकन कारखाने गाफील राहिले. तेवढ्यात १९८० मध्ये रॉजर लिनचं एलएम-१ हे यंत्र आलं. खऱ्या ड्रमचे रेकॉर्ड केलेले आवाज देणाऱ्या या यंत्राची किंमत ५,००० डॉलरच्या घरात होती, तरी स्टुडिओंनी ते घेतलं. कारण ड्रमरचे तास, माइक लावण्याचा वेळ आणि मोठी खोली असं सगळंच वाचत होतं. रोलंड कंपनीचं टीआर-८०८ हे ताल वाजवणारं यंत्र याच वर्षी सुमारे १,२०० डॉलरला आलं. लुडविग कंपनी १९८१ मध्ये सेल्मर या वाद्यकंपनीला विकली गेली आणि १९८४ मध्ये शिकागो सोडून नॉर्थ कॅरोलायनातल्या मन्रोला गेली. रॉजर्स या दुसऱ्या अमेरिकन कंपनीचे ड्रम त्याच सुमाराला बंद पडले. बोलपटाने थिएटरं घेतली होती, या वेळी स्टुडिओ गेले.

आपल्याकडेही त्या लाटेची खूण आहे. रोलंडने १९८५ मध्ये काढलेला ऑक्टोपॅड महाराष्ट्रातल्या ऑर्केस्ट्रांनी इतका आपलासा केला, की तालवाद्याच्या जागी ऑक्टोपॅडवाला हे एक स्वतंत्र पदच झालं. टेम्पोत पूर्ण ड्रमसेट चढवण्यापेक्षा आठ पॅडची पेटी परवडत होती. तिला साऱ्या जगाचे आवाज जोडता येत होते.

१९९०नंतर मात्र उलटं घडलं. उत्पादन आधी तैवानला आणि मग चीनला सरकलं. पाच ड्रम, स्टँड आणि पेडलसह पूर्ण सेट नवशिक्याच्या आवाक्यात आला. अगदी साध्या सेटचीही गोलाई आणि बेअरिंग एज (हेड जिच्यावर टेकते ती कड) पूर्वीच्या महाग मालापेक्षा नेटकी असायची. आज चाळिशीत असलेल्या ड्रमरला ड्रमची जी रास्त किंमत वाटते, ती खरं तर याच काळातली आहे. स्वस्त मजुरी, स्वस्त जहाजं आणि कमी जकात या तिन्ही गोष्टी एकाच वेळी जुळून आल्या होत्या. त्या कायम टिकतील असं आपण सगळ्यांनी धरून चाललो.

२०२० नंतर या तिन्हींना तडे गेले. जहाजभाड्याचा फटका ड्रमला इतर वाद्यांपेक्षा जास्त बसतो, कारण ड्रम म्हणजे पातळ लाकडाने वेढलेली पोकळी. कंटेनरमध्ये भाडं जागेचं द्यावं लागतं आणि त्या जागेत बहुतांशी हवाच असते. चीनहून अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर ४० फुटी कंटेनर २०१९ मध्ये दीड-दोन हजार डॉलरला जायचा. २०२१ मध्ये तोच दर १०,००० डॉलरच्या पुढे गेला. स्वस्त सेटच्या किमतीत वाहतुकीचा वाटा मोठा, म्हणून सर्वांत जास्त वाढ नवशिक्यांच्या मालात जाणवली.

सिंबलची गोष्ट वेगळी आहे. उत्तम सिंबल सुमारे ८० टक्के तांबं आणि २० टक्के कथील मिसळलेल्या कांशाचा असतो. झिल्डजियन घराण्याने १६२३ पासून इस्तंबूलमध्ये आणि १९२९ पासून मॅसॅच्युसेट्समध्ये हेच काम केलं आहे. घराण्यातल्या वादातून रॉबर्ट झिल्डजियनने १९८१ मध्ये कॅनडात सेबियन काढली, तिथेही मूळ धातू तोच. तांबं मार्च २०२० मध्ये टनाला ५,००० डॉलरच्या खाली होतं, मे २०२१ मध्ये ते १०,००० च्या वर गेलं. कथील मार्च २०२२ मध्ये ५०,००० डॉलरला टेकलं. अमेरिकेत कथिलाची एकही चालू खाण नाही. त्यात २०२५ च्या आयात शुल्कांची भर पडली. तैवान, चीन, जपान, तुर्कस्तान, जर्मनी, कॅनडा असे ड्रमच्या सामानाचे जवळपास सगळे देश त्या शुल्कांच्या कचाट्यात आले आणि पोलादासारख्या धातूंवर वेगळं शुल्क बसलं.

मुंबई-पुण्यातल्या ड्रमरला यावर आणखी एक भार सोसावा लागतो. २०११ च्या सुरुवातीला डॉलर ४५ रुपयांच्या आसपास होता, २०२५ मध्ये तो ८५ च्या वर गेला. म्हणजे अमेरिकेत किंमत तशीच राहिली असती, तरी इथे ती जवळजवळ दुप्पट झाली असती.

दुकानं बुडाली ती सगळी ड्रमच्या किमतींमुळे, असं म्हणणं मला पटत नाही. गिटार सेंटर २००७ मध्ये बेन कॅपिटल या गुंतवणूक कंपनीने विकत घेतलं आणि त्या सौद्याचं कर्ज पुढची कित्येक वर्षं कंपनीच्या मानेवर राहिलं. टाळेबंदीत घरी बसलेल्या लोकांनी हौसेने वाद्यं घेतली, कारखान्यांनी त्या मागणीवर भरवसा ठेवून उत्पादन वाढवलं, आणि तीच वाद्यं दोन वर्षांत जुन्या बाजारात परत आली. शिवाय १९६४ मध्ये टीव्हीसमोर बसलेली मुलं आता सत्तरी ओलांडून गेली आहेत आणि आपले जपलेले सेट विकायला काढत आहेत. आजच्या पंचविशीतल्या वादकाला रिंगोच्या सेटची तेवढी ओढ नाही. त्यामुळे जुन्या मालातला मधला थर खाली येईल असं मला वाटतं. फार दुर्मिळ वस्तूंना त्याची झळ कमी लागेल.

नव्या मालाचं भवितव्य मात्र जागांवर अवलंबून आहे. अमेरिकेत ड्रमला आज नियमित काम देतात ती चर्चमधली उपासना-पथकं, शाळांचे बँड आणि छोटे क्लब. शाळांच्या संगीत-शिक्षणाला किती पैसे मिळतात आणि छोट्या क्लबांना जागेचं भाडं झेपतं का, या दोन गोष्टींवर मी कथिलाच्या भावापेक्षा जास्त लक्ष ठेवीन. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी तर रोलंडने १९९७ मध्ये जाळीच्या पॅडसह व्ही-ड्रम हे इलेक्ट्रॉनिक ड्रम आणले तेव्हापासूनच हळूहळू हेडफोनची वाट धरली आहे, आणि त्या सेटला ना कांसं लागतं ना मोठी खोली.